सिमेंटची गोणी आणि अर्गोनॉमिक्स

महोदय,

अर्गोनॉमिक्स म्हणजे महागड्या खुर्च्यांचे शास्त्र, हा गैरसमज दूर व्हावा. काम माणसाच्या शरीराला जुळेल असे बेतणे, हा त्याचा गाभा. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य अभ्यासणाऱ्या ‘नायॉश’ या अमेरिकेतील सरकारी संस्थेच्या सूत्रानुसार सर्व काही अनुकूल असतानाही दोन्ही हातांनी उचलायच्या वजनाची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो. ओझे घोट्यांपासून २५ ऐवजी ५० सेंमी पुढे धरले की ती निम्मी, साडेअकरा किलो! अंतर वाढते तसा कमरेच्या मणक्यांवरचा भार वाढतो. आपल्याकडे सिमेंटची गोणी ५० किलोची. थप्पीची उंची, ढकलगाडी, गोणीचा आकार हे मोजून बदलणारी माणसे हवी आहेत. फिजिओथेरपी, अभियांत्रिकी किंवा डिझाइन शिकणाऱ्यांनी या कामाचा जरूर विचार करावा. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात हा विषय शिकवतात.

– दोन अर्गोनॉमिक्स अभ्यासक, मुंबई