इंटरव्ह्यूनंतरचं पत्र शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं, आपल्यात एका जिन्याचं तर अंतर आहे. तरी सगळ्यांसमोर लिहितेय. डिप्लोमा करून लातूर, नांदेड, धाराशिवहून पुण्यात उतरणाऱ्या पोरापोरींना इंटरव्ह्यू कसा द्यायचा हे कॉलेजात सांगतात. तो देऊन कंपनीच्या गेटबाहेर पडल्यावर काय करायचं, हे मला फक्त तुम्ही सांगितलंत.

चाकणच्या कंपनीत इंटरव्ह्यू देऊन परतले त्या संध्याकाळी तुम्ही जिन्यातच विचारलंत, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "आठवडाभरात कळवतो म्हणाले." आमच्या घरी यावर एकच उत्तर असतं: नशिबात असेल तर बोलावतील, आपण मागे लागू नये. तुम्ही भोसरीच्या कारखान्यात पर्सोनेल खात्यात उभा जन्म काढलेला. तुम्ही मला टेबलाची पलीकडची बाजू दाखवलीत. दिवसाला सात-आठ उमेदवार बघितले की संध्याकाळी चेहरे एकमेकांत मिसळतात. पॅनेलचे शेरे खातेप्रमुखाकडे जातात, पगाराचा आकडा फायनान्सकडे, आणि मधेच कारखान्यातली उत्पादनाची लाइन बंद पडली की ती फाइल चार दिवस तशीच पडून राहते. तिकडून काही आलं नाही याचा अर्थ नकार असा नसतो, हे ऐकून मला त्या रात्री झोप लागली, काका.

मग तुम्ही मला मेलचा मसुदा आधी कागदावर लिहायला लावलात आणि लाल पेन घेऊन बसलात. 'रिस्पेक्टेड सर' खोडून तिथे मुलाखत घेणाऱ्यांचं नाव आलं. 'काइंडली डू द नीडफुल' गेलं. शेवटी मी लिहिलं होतं की वडील कोरडवाहू शेती करतात, धाकट्या भावाचं शिक्षण चालू आहे, मला या नोकरीची फार गरज आहे. ते वाक्य तुम्ही लगेच खोडलं नाहीत. दोनदा वाचलंत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "हे खरं आहे, म्हणून ते इथे घालू नकोस. तुझी गरज तुझ्यापाशी राहू दे. त्यांना काय हवंय ते लिही."

त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. इंटरव्ह्यूत बोलणं गेज आर अँड आरवर, म्हणजे मोजण्याची पद्धत किती भरवशाची आहे हे तपासण्यावर, गेलं होतं. एकच बोअर, म्हणजे नगातलं गोल भोक, सकाळच्या पाळीचा इन्स्पेक्टर मोजतो तेव्हा एक रीडिंग, रात्रपाळीला दुसरं. दोष नगात की मोजण्यात? वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यात याचा निकष ठरलेला आहे: मोजमापातली तफावत १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, १० ते ३० असेल तर काम बघून चालवून घ्यायची, ३०च्या वर गेली तर आधी मोजणं सुधारायचं. मी तेव्हा जिथे काम करत होते तिथे आम्ही तेच १० नग दोघा इन्स्पेक्टरांकडून, पुन्हा पुन्हा, एकमेकांची रीडिंग न दाखवता मोजून घेतले होते. फरक निघाला बोअर गेज, म्हणजे ते भोक मोजायचं उपकरण, धरण्याच्या पद्धतीत. तुमच्या सांगण्यावरून हे मी तीन ओळींत लिहिलं. बाकी मेलमध्ये आभाराची एक ओळ, कामात रस असल्याची एक, आणि विषयाच्या जागी पद, माझं नाव, इंटरव्ह्यूची तारीख. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिस उघडायच्या वेळी पाठवला.

पुढचंही तुम्हीच आखून दिलंत. त्यांनी दिलेली मुदत पूर्ण होऊ द्यायची. वर दोन कामाचे दिवस थांबायचं. मग त्याच मेलला जोडून चार ओळी: निर्णय कुठवर आलाय, माझ्याकडून काही कागद हवेत का. व्हॉट्सॲपवर जायचं नाही, साहेबांचा नंबर कुणाकडून मिळवून रात्री फोन तर मुळीच नाही. आणि त्याच काळात दुसरीकडे अर्ज थांबवायचे नाहीत. याच सुमारास 'रजिस्ट्रेशन'चे पैसे भरा, नोकरी पक्की, असा एक फोन आला होता. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, एवढं सांगून तुम्ही तो विषय संपवलात, ते बरं झालं. मी पैशांची जमवाजमव करायच्या बेतात होते.

चाकणहून नकार आला. तुम्ही म्हणालात, यालाही उत्तर लिही. मला ते फार जड गेलं. तेव्हा तुम्ही सांगितलंत की पहिल्या पसंतीचा माणूस बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडवर असतो आणि ऐन वेळी दुसरीकडे जातो. कंपनी मग यादीतलं पुढचं नाव काढते, आणि ज्याने नीट निरोप घेतला तो लक्षात असतो. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. पण ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला त्याच साहेबांनी माझा बायोडेटा त्यांच्या एका व्हेंडरकडे पाठवला. त्या व्हेंडरला क्वालिटीत माणूस हवा होता. आज मी तिथेच आहे, आणि बोअर गेज कसा धरायचा हे नव्या पोरांना दाखवते.

तुम्ही माझ्यासाठी कुणाला शब्द टाकला नाहीत. ओळखी तुमच्याकडे होत्या, मीही मनातून त्याची वाट बघत होते. त्याऐवजी तुम्ही रोज तासभर माझ्यासोबत बसलात, आणि त्यामुळे ही नोकरी मी स्वतः मिळवली असं मला मान वर करून सांगता येतं. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही. मनापासून, फार मनापासून, धन्यवाद काका.

आईने शेंगदाण्याची चटणी पाठवलीय, रविवारी घेऊन येते. काकूंना नमस्कार सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
वरच्या मजल्यावरची भाडेकरू