मुले दहावी-बारावीची असतील तर समुद्राआधी एसटी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबई-पुणे सोडून कोकणात राहायला जाण्याविषयी हल्ली पुरवण्यांतून बरेच छापून येते. त्यात जांभ्याचे घर असते, अंगणातून दिसणारा समुद्र असतो, जागेचे भावही असतात. घरात तेरा ते अठरा वयाची मुले असतील तर गाव कसे निवडावे, याबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. लहान मूल आईबापांच्या मागून कुठेही रुळते आणि निवृत्त माणसाला सकाळी सातची गाडी पकडायची नसते. मधल्या वयाच्या मुलांचे तसे नाही. त्यांचे सगळे आयुष्य घराबाहेर असते आणि ते बाहेरचे आयुष्य गावागणिक बदलते. म्हणून हे पत्र.

आमचे मत सरळ आहे. आधी तालुक्याचे ठिकाण निवडा, तिथून पाच-सात किलोमीटरच्या आत घर शोधा, आणि समुद्र पंचवीस किलोमीटरवर राहिला तरी चालवून घ्या. वाडीतले समुद्राकाठचे घर मुले बाहेर पडल्यावरही मिळेल.

कारण एसटी. घराजवळ थांबा आहे एवढ्यावर विसंबू नये. तालुक्याच्या आगारात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. गावात वस्तीची गाडी आहे का, म्हणजे रात्री मुक्कामाला येऊन पहाटे सुटणारी? ती असेल तर सकाळच्या कॉलेजचा प्रश्न सुटतो, नसेल तर पहिली गाडी येईपर्यंत दोन तास बुडालेले असतात. तालुक्याहून परतीची शेवटची गाडी किती वाजता? ती साडेपाचची असेल तर क्लास, मैदान, वाचनालय, मित्राचा वाढदिवस, सगळ्यावर पाणी. तिसरे, यातल्या शालेय फेऱ्या कोणत्या? त्या रविवारी, दिवाळीत आणि मे महिन्यात बंद असतात. मे महिन्यात घर बघायला आलेल्याला त्या दिसतच नाहीत आणि जूनमध्ये आलेल्याला त्या कायमच्या वाटतात. गणपतीत चाकरमान्यांच्या परतीसाठी आगारातल्या गाड्या मुंबईकडे लागतात, तेव्हा आठवडाभर गावच्या फेऱ्या रद्द होतात, हेही धरून चालावे. खर्चाची बाजू हलकी आहे. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे आणि मुलींना बारावीपर्यंत पास मोफत.

गाडी नसली की स्कूटर येते, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या बिनगियर गाडीचा असतो. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या, म्हणजे अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय त्या चालवणे बेकायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. 'गावात कोण विचारतो' हे अपघात होईपर्यंत खरे असते. परवाना-नोंदणी लागत नाही अशा विजेच्या दुचाक्या आहेत, पण २५० वॉटची मोटर आणि ताशी २५ किलोमीटर वेग ही त्यांची मर्यादा आहे. कोकणातल्या चढावर दोघे बसले की त्या दम टाकतात. सपाटीच्या पाच किलोमीटरला सायकल त्याहून बरी.

आता शाळा-कॉलेज. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे मिळून कोकण विभागीय मंडळ आहे. २०१२ च्या पहिल्या परीक्षेपासून दहावी-बारावीच्या निकालात ते राज्यात वरच्या स्थानी राहिले आहे. (रायगड मुंबई मंडळात येतो.) या निकालाचा अर्थ शाळा मनापासून शिकवतात असा घ्यावा, जेईई-नीटची तयारी दारात मिळेल असा घेऊ नये. त्या तयारीसाठी मुले आजही कोल्हापूर, पुणे, बेळगाव गाठतात.

शाळा बदलण्याची वेळ चुकली की वर्ष अडकते. आठवी किंवा नववीचा जून, नाही तर दहावीनंतर, हे दोनच सुटसुटीत टप्पे. सीबीएसईत नववीलाच मंडळाकडे नोंदणी होते, दहावीला थेट प्रवेश फक्त संलग्न शाळेतून नववी झालेल्यालाच आणि तोही मंडळाच्या परवानगीने. सीबीएसईच्या शाळा कोकणात मोजक्या आणि मोठ्या गावांपुरत्याच आहेत. त्यामुळे दहावीच्या मध्यावर आलेल्या मुलाला धड इकडची शाळा नाही, धड तिकडची. राज्य मंडळाच्या मुलाचेही शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागत नाही. जुन्या शाळेने ऑनलाइन नोंद नव्या शाळेकडे पाठवावी लागते, आणि आधारवरचे नाव व दाखल्यावरचे नाव अक्षराने वेगळे असेल तर तिथेच घोडे अडते. हे एप्रिलमध्येच तपासून घ्यावे.

अकरावीची प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाली. रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यासाठी कोल्हापूरच्या शिक्षण उपसंचालकांकडे येतात. मुंबईहून फॉर्म भरणारा सवयीने मुंबई विभाग धरतो, तसे होऊ देऊ नये. पसंतीक्रम भरण्याआधी त्या कनिष्ठ महाविद्यालयात स्वतः जाऊन यावे आणि 'सायन्स आहे का' एवढ्यावर थांबू नये. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय एकत्र घेता येतात का? भौतिकशास्त्राला कायम शिक्षक आहे की तासिका तत्त्वावरचा? तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? तासिका तत्त्वावरचा शिक्षक चांगला नसतो असे मुळीच नाही, पण बरी नोकरी मिळाली की तो डिसेंबरात निघून जातो आणि बारावीचे प्रात्यक्षिक अधांतरी राहते. प्रयोगशाळा दाखवा म्हणावे. तराजूवर धूळ असेल आणि ब्युरेट खोक्यात बांधलेल्या असतील, तर उत्तर मिळाले.

गावांविषयी थोडे, आवडीनिवडीसकट. रत्नागिरीत सगळ्यात जास्त पर्याय आहेत: गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, अभियांत्रिकी, शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. १८२८ पासूनचे जिल्हा नगर वाचनालय आहे आणि समुद्र शहरालाच लागून. रेल्वे स्टेशन मात्र गावाबाहेर आहे. चिपळूण रेल्वेला आणि घाटाला दोन्हीकडे सोयीचे, पण २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर विसरून तिथे घर घेऊ नये. पूररेषांच्या नकाशात निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. घर या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे ते नकाशावर बघावे आणि शेजाऱ्याला भिंतीवरची पाण्याची खूण दाखवायला सांगावी. दापोलीची हवा थंड, कृषी विद्यापीठामुळे गावाला शिकलेले वळण आहे, समुद्र दहा-पंधरा किलोमीटरवर. पण रेल्वेसाठी खेड गाठावे लागते, तीसेक किलोमीटर.

दक्षिणेकडे कुडाळ आम्हाला सर्वांत व्यवहारी वाटते. दिसायला ते काही खास नाही, फोटोत तर मुळीच येत नाही. पण रेल्वे गावात, महामार्ग गावातून, जिल्ह्याचे मुख्यालय ओरोस दहा-बारा किलोमीटरवर, आणि मालवण व वेंगुर्ले दोन्ही पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत. भंगसाळ नदीकाठची जागा तेवढी टाळावी. सावंतवाडी अधिक देखणी आणि गोव्याला जवळ, मोपाचा विमानतळ तासाभराच्या आत. गंभीर आजाराला लोक तिथून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडेच धावतात. मालवण, वेंगुर्ले, देवगड, गुहागर ही समुद्राची गावे, पण एकालाही रेल्वे नाही. गुहागरहून चिपळूण स्टेशन पंचेचाळीस किलोमीटर पडते. अलिबाग फक्त त्यांच्यासाठी, ज्यांच्यापैकी एकाची नोकरी मुंबईतच राहणार आहे. गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी बोट) चालते, समुद्र खवळला की तीही थांबते. शनिवार-रविवारची गर्दी सोसण्याची तयारी हवी.

रेल्वेबद्दल एक इशारा. स्टेशनचे नाव आणि गाव एकच समजू नये. राजापूर रोड स्टेशन राजापूरपासून पंधरा किलोमीटरहून दूर आहे, सावंतवाडी रोड सात-आठ किलोमीटर. पहाटे उतरलेल्या मुलीला तिथून घरी आणणार कोण, हे आधीच ठरलेले असावे. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागते, गाड्या हळू धावतात आणि वेळा बदलतात.

घरातल्या सोयी मुलाच्या खोलीतून बघाव्यात. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत, खिडकी-दार लावून, त्या खोलीत मोबाइलला रेंज किती येते ते पाहावे. अंगणातली रेंज अभ्यासाला उपयोगी नाही. फायबर असेल तर केबल झाडांवरून आली आहे का, आणि तुटली तर जोडायला माणूस कुठून येतो, हे विचारावे. विजेच्या तारा झाडीतून जातात, फांदी पडली की लाइट गेली. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी दोन पंखे, तीन-चार एलईडी दिवे, राउटर आणि लॅपटॉप मिळून अडीचशे वॉटचा भार पाच तास ओढते. रोजच्यासाठी ते पुरते. पण जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. बारावीच्या वर्षी तालुक्याच्या गावात एखादे ओळखीचे घर हाताशी असावे ते यासाठी.

पाणी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात बघावे. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही कातळावरच्या विहिरी तेव्हा तळ दाखवतात, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. चौघांच्या घराला दिवसाला पाचशे लिटर लागते असे धरा. पाण्यातील एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे चांगले. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेण्याची मुभा मानकात आहे, पण तसल्या पाण्याने गिझर आणि केस दोन्ही जातात.

समुद्राचे भय मुलांना नसते, ते पालकांना हवे. बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नाहीत. भरती-ओहोटीचा ठोकताळा मुलांना पाठच करून द्यावा: तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, आणि त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ओहोटी लागल्यावर आणि खाडीच्या मुखाशी पाण्यात उतरू नये. आत ओढले गेल्यास किनाऱ्याकडे झुंजत न येता काठाला समांतर पोहत बाजूला जावे. जून ते सप्टेंबर लाटा फक्त बघायच्या. जमिनीवर फुरसे आणि घोणस आहेत. रात्री बॅटरीशिवाय पाय बाहेर नको, आणि सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम असते ते आल्याच दिवशी विचारून ठेवावे. दोडामार्ग, सावंतवाडीच्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्याच्या सुमारास माकडतापही (गोचिडी चावल्याने होणारा ताप) असतो.

आणखी एक गोष्ट, जी मुलेच आधी ओळखतात. गावात कोणीही अनोळखी राहत नाही. कोणाची मुलगी कोणत्या गाडीतून उतरली, हे ती घरी पोचायच्या आत घरी पोचलेले असते. लहानपणापासून तिथे वाढलेल्याला ते जाचत नाही, पंधराव्या वर्षी शहरातून आलेल्याला फार जाचते. म्हणूनही तालुक्याचे गाव बरे. निर्णय होण्याआधी मुलांना तिथे एक साधा आठवडा, सुट्टीचा नव्हे, शाळा चालू असतानाचा, राहू द्यावे आणि ती नको म्हणाली तर कारण विचारावे.

जमीन लगेच घेऊ नये. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, सातबारावर वीस-वीस सहहिस्सेदार असतात, किनाऱ्यालगत सीआरझेड, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला किनारपट्टा, आहे. त्या विषयावर वेगळे पत्र होईल. आधी अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर भाड्याने राहावे. बंद घरे पुष्कळ आहेत, पण मालक मुंबईला असतो आणि गणपतीला व शिमग्याला कुटुंबासह येतो. त्या दिवसांत कोणती खोली त्यांची, देवघर कोणाकडे, विहिरीच्या पंपाचे बिल कोणाचे, हे करारातच लिहून घ्यावे.

शेवटी दोन मागण्या, त्यांची दखल आपल्या पत्राने घ्यावी. एसटी महामंडळाने प्रत्येक आगाराचे गाववार वेळापत्रक, वस्तीच्या आणि शालेय फेऱ्या वेगळ्या दाखवून, ग्रामपंचायतीत लावावे आणि संकेतस्थळावरही ठेवावे. आणि शिक्षण विभागाने कनिष्ठ महाविद्यालयांतील विषयवार रिक्त पदांची यादी अकरावीचे पसंतीक्रम भरायला सुरुवात होण्याआधी जाहीर करावी. आज ही माहिती शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना असते, फक्त फॉर्म भरणाऱ्याला नसते.

आपला,
एक वाचक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)