छोट्या मार्गांवरच्या विमानप्रवासाचा खरा वेळ जाहीर करा : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

दोन छोट्या शहरांमध्ये विमानसेवा सुरू झाली की 'अवघ्या चाळीस मिनिटांत' अशी जाहिरात हमखास झळकते. हा आकडा येतो कुठून? नकाशावर सरळ रेष ओढायची, हवाई अंतर समजा 350 किलोमीटर भरलं, टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यावर चालणाऱ्या विमानाचा वेग ताशी 500 धरला, की भागाकार 42 मिनिटं. गणित चोख आहे. पण विमान त्या रेषेवरून जात नाही आणि पूर्ण वेळ त्या वेगानेही उडत नाही.

उड्डाण वाऱ्याला सामोरं जाऊन करायचं असतं, त्यामुळे मुक्कामाचं गाव पाठीमागे असेल तर वर गेल्यावर वळसा आलाच. पुढे ठरलेले हवाई मार्ग, लष्करासाठी राखीव आकाश, उतरताना धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी लांबून मारलेला फेरा. समोरून ताशी 60 किलोमीटरचा वारा असला तर त्या 42 मिनिटांची 48 होतात. मोठ्या पल्ल्यात एवढं खपून जातं, इथे खपत नाही. जेट आणूनही फारसं साधत नाही, कारण 10,000 फुटांखाली साधारणपणे 250 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 463 किलोमीटरची मर्यादा असते आणि छोट्या पल्ल्यात बराच वेळ चढण्या-उतरण्यातच जातो.

त्याहून जास्त वेळ जमिनीवर जातो, आणि माझं खरं म्हणणं त्याबद्दल आहे. अनेक छोट्या विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सी-वे, म्हणजे विमानांना धावपट्टीपर्यंत ये-जा करायचा वेगळा रस्ता नसतो. उतरलेलं विमान पार टोकाला जातं, तिथे वळतं आणि त्याच धावपट्टीवरून संथपणे माघारी येतं. ते बाजूला होईपर्यंत पुढचं विमान वर घिरट्या घालतं, किंवा उड्डाणासाठी सज्ज असलेलं जागेवरच थांबतं. आयएलएस, म्हणजे कमी दिसत असताना रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा नसेल तर ढग जरा खाली आले की उतरणंच अवघड होतं आणि विमान दुसरीकडे वळवावं लागतं. नाइट लँडिंगची सोय नसेल, तर संध्याकाळच्या फेरीला थोडा उशीर झाला तरी ती रद्द होते.

वेळापत्रकात ब्लॉक टाइम असतो, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ. मोजमाप योग्य आहे. पण कंपन्या त्यात आधीच वाढीव मिनिटं धरतात, आणि वर 15 मिनिटांपर्यंतचा उशीर 'वेळेवर' या खात्यात जातो. प्रवाशाने विसंबायचं कशावर?

म्हणून विनंती आहे, साहेब, की प्रत्येक छोट्या मार्गाचा प्रत्यक्ष ब्लॉक टाइम ऋतूनुसार जाहीर व्हावा, सोबत रद्द झालेल्या आणि वळवलेल्या फेऱ्यांचे आकडेही असावेत. एखाद्या मार्गाला सरकारी मदत द्यायची की नाही हे ठरवताना विमानतळावर पोहोचण्याचा, चेक-इनचा आणि सामान मिळण्याचा वेळ धरून रेल्वे-बसशी तुलना व्हावी. विमान त्यात हरत असेल तर तो पैसा रेल्वेला द्या, मला त्याचं वाईट वाटणार नाही. आणि जिथे विमान खरोखर उपयोगाचं आहे, तिथे टर्मिनलच्या नव्या काचेआधी समांतर टॅक्सी-वे, आयएलएस आणि नाइट लँडिंगला निधी मिळावा.

आपला विश्वासू,
छोट्या विमानतळांवरून नेहमी प्रवास करणारा एक नागरिक