एका दमात किती आकडे

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला संकोच वाटेल. पण आयसीयूतला कोपऱ्यातला बेड, रात्रपाळी आणि मोजलेले आकडे एवढं म्हटलं की तुम्ही ओळखालच.

यांच्या तळपायांना सोमवारी मुंग्या आल्या. मंगळवारी जिना चढताना गुडघे साथ देईनात. बुधवारी शर्टाची बटणं लागेनात. गुरुवारी संध्याकाळी हे आयसीयूत होते आणि डॉक्टर मला गुलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, समजावून सांगत होते. दोन आठवड्यांपूर्वी यांचं पोट बिघडलं होतं, आम्ही ते विसरूनही गेलो होतो. त्या जंतूंशी लढायला निघालेली शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटली होती. आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज), पाच दिवस द्यायचं ठरलं. मी नुसती मान हलवत होते.

तेव्हा तुम्ही यांच्या उशाशी येऊन म्हणालात, "काका, खोल श्वास घ्या आणि एका दमात जमतील तेवढे आकडे म्हणा." 26 झाले. मला वाटलं, यांचं मन रमवायला काहीतरी चाललंय. रात्री अकराला मला क्षणभर आत घेतलंत तेव्हा 19 झाले होते, पण मॉनिटरवर ऑक्सिजन 97 दिसत होता आणि तो बघून मी निर्धास्त बाहेर जाऊन बसले. दोन वाजता 13 झाले. ऑक्सिजन अजूनही 97 च होता. तुम्ही त्या 97 वर विसंबला नाहीत. श्वासाचे स्नायू थकत आले की एका दमातले आकडे कमी होत जातात, पण ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ टिकून राहतो आणि अगदी शेवटी घसरतो, हे मला तुमच्याकडूनच नंतर कळलं. तुम्ही डॉक्टरांना बोलावलंत आणि यांना व्हेंटिलेटरवर घेतलं ते धावाधाव न होता, वेळेत. मग बाहेर येऊन तुम्ही माझ्या शेजारी बसलात आणि "ताई, आता त्यांची दमछाक थांबली" एवढंच बोललात. त्या रात्री मला तेवढंच समजण्यासारखं होतं.

डॉक्टरांचे आभार मी त्यांना भेटून मानले. पण ती रात्र तुमची होती.

नंतरचे 23 दिवस यांचं एक बोटही हलत नव्हतं. मी काचेतून बघायचे आणि मला वाटायचं, हे तिथे नाहीतच. तुम्ही मला हाताला धरून आत नेलंत. "त्यांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. त्यांच्याविषयी बोलू नका, त्यांच्याशी बोला." तुम्ही स्वतः तसंच वागायचात. दर दोन तासांनी कूस बदलताना आधी सांगायचात, "काका, आता डावीकडे वळवते हं." बाहेर पाऊस आहे की ऊन, तेही सांगायचात. माणूस शुद्धीवर आहे आणि त्याला कोणी माणसासारखं वागवत नाही, याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही. तुम्ही ती यांच्या वाट्याला येऊ दिली नाहीत.

आणि तो अक्षरांचा पुठ्ठा! एकदा पापणी मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. क ची ओळ? च ची ओळ? मग ओळीतलं एकेक अक्षर, मग काना, वेलांटी. पहिला शब्द जुळायला वीस मिनिटं लागली. मला वाटलं होतं, माझं नाव येईल, मुलीचं येईल. आलं "पाय". चादरीचा नुसता स्पर्शही यांच्या पावलांना सहन होत नव्हता, आणि मी चार दिवस रोज मायेने तीच चादर पायांभोवती नीट खोचत होते. मी रडले. तुम्ही मात्र तेवढ्यात पायांच्या दोन्ही बाजूंना उशा लावून चादर वर उचलून धरलीतसुद्धा.

मला घरी झोपायला पाठवणाऱ्याही तुम्हीच. "हे दुखणं चार दिवसांत चढतं आणि कित्येक महिन्यांनी उतरतं. तुम्ही आत्ताच संपलात तर तेव्हा कोण?" तुम्ही सांगितलंत म्हणून मी वही घातली, रोज एक ओळ. दिवस 19: डावी भुवई हलली. दिवस 24: नळीतून, पण श्वास स्वतःचा. दिवस 41: चमचा धरला, पडला, पुन्हा धरला. काहीच घडलं नाही त्या दिवशी नुसती तारीख लिहिली. जिथे सलग सहा पानांवर तारखाच आहेत, ती पानं मी अजून बघते. ते दिवसही आम्ही काढले.

आता आठ महिने झाले. हे काठी घेऊन चालतात. पावलं अजून लोंबतात म्हणून दोन्ही पायांना स्प्लिंट आहेत. नसेचा तुटलेला तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो म्हणे, आणि पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंतचं अंतर केवढं! म्हणून आम्ही कोणी घाई करत नाही.

काल रात्री दिवा मालवल्यावर अंधारात यांनी एक खोल श्वास घेतला आणि मोजायला सुरुवात केली. मी काही न बोलता ऐकत पडले. 20 गेले, 26 गेले, 30 गेले. 41 ला थांबले.

"सिस्टरना कळव," म्हणाले.

तुमची,
कोपऱ्यातल्या बेडवरच्या काकांची ताई