घरच्यांचा फोटो मे महिन्यात नको, फाल्गुनात काढावा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कोकणातल्या बहुतेक घरांत सगळ्या माणसांचा एकत्र फोटो काढण्याचे दोनच प्रसंग येतात, एक गणपतीत आणि दुसरा मे महिन्याच्या सुट्टीत. गणपतीत पाऊस अंगणात उभे राहू देत नाही आणि मेमध्ये ऊन. कलाशिक्षिका म्हणून अनेक वर्षे मुलांना उजेड आणि सावली शिकवल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, या दोन्ही प्रसंगांपेक्षा फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य, म्हणजे साधारणपणे माघ संपत असताना आणि शिमग्याच्या सुमारास, घरच्या फोटोसाठी मुद्दाम एक दिवस राखून ठेवावा. शिमग्याला चाकरमानी तसेही ग्रामदेवतेच्या पालखीसाठी गावी येतात, त्यामुळे वेगळी रजा काढण्याची गरज पडत नाही. आपल्या वाचकांपर्यंत ही सूचना वेळेत पोहोचावी, म्हणून हे पत्र.

या आग्रहामागे आमच्या घरातला एक फोटो आहे. 1998 च्या मे महिन्यात माझ्या पुतण्याची मुंज झाली आणि त्या दिवशी तेवीस माणसांचा एकत्र फोटो काढला गेला. छायाचित्रकाराने मांडवात उजेड पुरत नाही म्हणून सर्वांना बाहेर उन्हात उभे केले, आणि तेव्हा घड्याळात साडेबारा वाजले होते. त्या फोटोत मुलांचे डोळे मिटलेले आहेत, पुरुषांच्या कपाळावर घाम चमकतो आहे, आणि मध्यभागी बसवलेल्या माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांच्या जागी केवळ दोन काळ्या खोबणी दिसतात. त्याच पावसाळ्यात त्या गेल्या. सर्वांच्या सोबतचा त्यांचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

यात छायाचित्रकाराच्या हाताचा दोष थोडा आणि वेळेचा अधिक होता. मे महिन्यात रत्नागिरीच्या अक्षांशावर शून्य सावलीचा दिवस येतो, आणि त्याच्या आगेमागे बरेच दिवस दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. अशा वेळी भुवयांची सावली डोळ्यांवर आणि नाकाची सावली ओठांवर पडते. कॅमेरा कितीही महाग असला तरी ती सावली निघत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून साधारण 60 अंशांवर असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या दिवसांत सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो, म्हणून कोवळे ऊन मिळवण्यासाठी लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना पहाटे उठवावे लागत नाही. चहा, आंघोळी, न्याहारी उरकून साडेआठला अंगणात आले तरी ऊन तिरपेच असते, तर मेमध्ये त्या वेळेपर्यंत सूर्योदयाला सुमारे अडीच तास होऊन गेलेले असतात आणि माणसे सावली शोधू लागलेली असतात.

पंचांगात वसंत चैत्रात मांडला असला तरी वसंतपंचमी माघातच येते, आणि आमच्या झाडांनाही चैत्राची वाट पाहावीशी वाटत नाही. वईतला, म्हणजे कुंपणातला, पांगारा पाने टाकून लाल होतो, काटेसावरीखाली फुलांचा सडा पडतो, कुसुंबाला तांबडी पालवी फुटते, वेंगुर्ल्याच्या बाजूला सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, बाजारात येतात. आंब्याच्या मागास मोहोराचा वास अजून हवेत असतो आणि आधीच्या मोहोराला कैरी धरलेली असते. एवढे रंग दारात असताना फोटोसाठी कापडी पडदे आणि प्लास्टिकची फुले भाड्याने आणावीत, हे मला पटत नाही. मात्र दुसऱ्याच्या बागेत शिरताना मालकाला विचारावे, कारण मोहोरावर फवारण्या चालू असतात आणि मुलांना त्यापासून दूर ठेवणे आवश्यक आहे.

समुद्रावर फोटो काढायचा असेल तर तिथीकडे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हा हिशेब आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी पाच ते साडेपाचला. फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, म्हणून शेवटचे सोनेरी ऊन आणि उघडी पडलेली रुंद, ओली, आरशासारखी पुळण (किनाऱ्यावरची वाळू) ही दोन्ही एकाच वेळी मिळतात. गुहागरच्या किंवा आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर त्या तासाभरात मुले नुसती धावली तरी त्यांची प्रतिबिंबे त्यांच्याबरोबर धावतात. अष्टमीला याच्या उलट स्थिती असते. संध्याकाळी सहाला भरती असल्यामुळे उभे राहायला वाळूचा पट्टाच आखूड मिळतो. शिवाय आपला समुद्र पश्चिमेला असल्यामुळे मावळत्या सूर्याकडे पाठ करून उभे राहिले की चेहरे काळे येतात. सूर्य एका बाजूला ठेवावा, किंवा तो बुडाल्यानंतरची पंधरावीस मिनिटे थांबावे, कारण तेव्हा आभाळाचा मऊ उजेड सर्वांच्या चेहऱ्यावर सारखा पडतो. मागे समुद्र हवाच असेल तर सकाळची वेळ निवडावी. माडांच्या आणि सुरूंच्या शेंड्यांवरून येणारे ऊन तेव्हा समोरून चेहऱ्यावर येते.

घराच्या अंगणातला फोटो मला समुद्रावरच्या फोटोपेक्षाही जवळचा वाटतो. त्यात एकच अडचण असते, ती मांडवाची. माडाच्या विणलेल्या झापांच्या फटींतून येणारे ऊन चेहऱ्यावर ठिपके पाडते, म्हणून सर्वांनी मांडवाच्या अगदी कडेला, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बसावे. ओटीची पायरी, पडवीतला झोपाळा, जांभ्या दगडाचा गडगा (बुटकी भिंत) यांपैकी काहीही चालेल. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना उभे करू नये, आणि कुणालाही ‘हसा’ म्हणून सांगू नये. सांगून आलेले हसू ओठांपाशीच थांबते. त्याऐवजी त्या दिवसांत नुकत्याच येऊ लागलेल्या ओल्या काजूच्या बिया मध्ये ठेवाव्यात, हाताला खोबरेल लावून सर्वांनी गर काढायला बसावे आणि घरातल्याच एखाद्या मुलाने किंवा मुलीने मोबाईल नातवंडांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून गुपचूप फोटो काढत राहावे. चिकाने काळ्या झालेल्या बोटांसकट ते फोटो जसे येतात, तसे रांगेत उभे करून काढलेले येत नाहीत, हे मी स्वतः पाहिले आहे.

हा काळ सर्वस्वी निर्दोष आहे, असे मला म्हणायचे नाही. फेब्रुवारीअखेर पूर्वेकडून कोरडे वारे वाहू लागले आणि समुद्रावरचे खारे वारे उशिरा आले, की किनाऱ्यावर पारा एकाएकी 37 अंशांच्या वर जातो. अशा दिवशी बेत सरळ पुढे ढकलावा. भाजावळीच्या, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळण्याच्या, आणि वणव्यांच्या धुराने दुपारी हवा गढूळ होते. ज्या घरात दहावी-बारावीचे मूल आहे तिथे परीक्षेचे वेळापत्रक पाहूनच दिवस ठरवावा. पालखी घरी येते तेव्हाचा फोटो सर्वांना हवासा वाटतो, परंतु तो मानकऱ्यांना विचारून काढावा.

दोन ठिकाणी तर अधिक जपावे लागेल. वेळास, आंजर्ले येथे याच दिवसांत कासवांची पिल्ले घरट्यांतून बाहेर पडून समुद्राकडे निघतात. समुद्राच्या बाजूच्या उजेडावरून त्यांना दिशा कळते, म्हणून तेथे फ्लॅश किंवा मोबाईलचा दिवा लावणे त्यांच्या जिवावर बेतू शकते. तसेच सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरचे, वाळलेले सोनेरी गवत फोटोत सुंदर दिसते, पण तेथे उभे राहण्यापूर्वी पायाखाली पाहावे. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे, म्हणजे जमिनीच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रे, 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, आणि फोटोसाठी त्यांच्यावर बसलेली माणसे पाहिली की मला फार वाईट वाटते.

फाल्गुनात फोटो काढण्याचा आणखी एक फायदा कोकणाबाहेरच्या माणसाला पटकन सुचणार नाही. मार्चमध्ये छापून घेतलेला फोटो कोरड्या हवेत चौकटीत बसवता येतो. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने बसवलेला फोटो ओल धरतो, काचेला चिकटतो आणि दोनचार वर्षांत त्यावर बुरशीचे डाग उमटतात. म्हणून फोटो मोबाईलमध्ये न ठेवता त्याची एक प्रत छापून घ्यावी, काच आणि फोटो यांच्यात जाड पुठ्ठ्याची कड ठेवावी आणि ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिच्यावर तो टांगू नये.

आमच्या घरी यंदा होळीच्या आदल्या संध्याकाळचा बेत ठरला आहे. मुंबईहून दोन्ही दीर आणि मुले येणार आहेत, आणि मुंजीच्या त्या फोटोत डोळे मिटून रडणारी माझी मुलगी आता स्वतःच्या बाळाला घेऊन येणार आहे. थोरल्या जाऊबाईंना शहाऐंशीवे वर्ष चालू असून त्यांना पुळणीपर्यंत चालवत नाही. म्हणून आम्ही साडेपाचला अंगणातच, मांडवाच्या पश्चिमेकडच्या कडेला त्यांची खुर्ची ठेवणार आहोत, म्हणजे ऊन त्यांच्या डाव्या गालावरून येईल आणि डोळे स्पष्ट दिसतील.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका,
गुहागर, जि. रत्नागिरी