पाणबुडीचं मॉडेल म्हणजे शोपीस नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

चीनच्या आन्हुई प्रांतातल्या एका शेतकऱ्याने घरीच पाणबुडी बनवली त्याच्या बातम्या मध्यंतरी सगळीकडे आल्या, ५ टन वजन, ७ मीटर लांबी, ८ मीटर खोल जाते, आणि तेव्हापासून माझ्या ओळखीच्या तीन-चार पोरांच्या डोक्यात तेच खूळ शिरलंय. शिरू दे, खूळ चांगलंच आहे. पण बातम्यांत नुसती जिद्द आणि स्वप्न, बनवायची कशी यातलं काहीच नाही, म्हणून हे पत्र. माझं वेल्डिंगचं शॉप होतं, आता पोरगा बघतो, आणि मी आणि भाचा मिळून दोन वर्षं पाणबुडीचं मॉडेल करतोय. मॉडेलच. खरी करायची की नाही ते आम्ही ठरवलेलं नाही, बायकोने मात्र कधीच ठरवलंय.

आमचं मॉडेल १:१० चं, ११० मिमीच्या पीव्हीसी पाईपचं, दोन्हीकडे एंड कॅप, वरून एमसील. बघायला आलेला प्रत्येकजण विचारतो रंग कधी देणार. अहो रंगाचं सोडा, हे वजनासाठी केलंय! लांबी दहापट कमी झाली की वजन हजारपट कमी होतं, म्हणजे २ टनाच्या पाणबुडीचं मॉडेल २ किलोचं, आणि मग मॉडेलमधे २० ग्रॅम इकडेतिकडे झाले की वाटतं जाऊ दे, पण तेच खऱ्या बोटीत २० किलो होतात. पाण्याचंही तसंच. विहिरीत बरोबर बॅलन्स केलेलं मॉडेल मालवणला नेऊन समुद्रात सोडलं तर बुडणारच नाही, खारं पाणी अडीच टक्के जड असतं, २ टनाच्या बोटीला तिथे ५० किलो जास्तीचं वजन टाकावं लागेल. पाणबुड्या बनवणाऱ्या जॉन हॉलंडचं उलटं झालं होतं. या माणसाने आधी चावीवर चालणारं छोटं मॉडेल केलं, मग १८७८ साली अमेरिकेत पॅसेइक नदीत १४ फुटी बोट सोडली, आणि ती पहिल्याच झटक्यात तळाला गेली, हिशोब खाऱ्या पाण्याचा धरला होता आणि नदी गोडी, असं सांगतात. पुढे अमेरिकेच्या नौदलाने पहिली आधुनिक पाणबुडी याच माणसाची घेतली ही गोष्ट वेगळी.

आमची पहिली टेस्ट भावाच्या शेतातल्या विहिरीत. पाण्यावर मॉडेल एकदम झकास उभं होतं, भाच्याने तर फोटोपण टाकला, आणि बॅलास्टमधे (बोट जड करायला पाणी घेतात ती टाकी) पाणी घेऊन पूर्ण खाली गेलं तसं आडवं लोळलं. वर तरंगत असताना बोटीला रुंदीचा आधार असतो, पाणी डोक्यावरून गेलं की तो संपतो, मग जड सामान तळाला असेल तरच ती सरळ राहते. बॅटरी आम्ही मधोमध ठेवली होती, वायरिंगला सोपं म्हणून. ती खाली घेतली, शिसं ठोकलं, लोळणं थांबलं, तर आता नाक खाली! का तर बॅलास्टची टाकी एकच आणि अर्धी भरलेली, अर्ध्या बादलीसारखं पाणी डचमळतं आणि नाक जरा झुकलं की सगळं पाणी तिकडेच पळतं. मधे पडदे टाकून दोन टाक्या केल्या तेव्हा कुठे जमलं. हे सगळं २ किलोत शिकलो, क्रेन लागली नाही की कुणी आत बसलं नव्हतं. (एक टिप: मोबाईलवर व्हिडिओ काढून तिपटीहून थोडा जास्त स्लो करून बघा, १:१० असेल तर खरी बोट साधारण तशी डुलेल.)

या पाणी पळण्यानेच जर्मनीतल्या कील बंदरात विल्हेल्म बाउअर या माणसाची पाणबुडी बुडाली. त्याचंही मॉडेल बंदरात नीट चाललं होतं, पण खरी बोट बांधताना पैसे कमी पडले, पत्रा पातळ केला, बॅलास्टच्या टाक्याच काढल्या आणि पाणी सरळ बोटीच्या तळात घ्यायचं ठरलं. १ फेब्रुवारी १८५१ ला ते पाणी मागे पळालं आणि बोट तिघांना घेऊन तळाला गेली. बाउअरने डोकं शांत ठेवलं, आणखी पाणी आत येऊ दिलं, आतबाहेर दाब सारखा झाल्यावर झाकण उघडलं आणि तिघेही जिवंत वर आले. आता मला सांगा, टाक्या काढल्यावर ती मॉडेलवाली बोट राहिली कुठे? पास झालं होतं ते डिझाइन दुसरंच होतं.

आणि एक गोष्ट विहीर सांगत नाही, ती म्हणजे दाब. पोरांना वाटतं मॉडेल दहापट लहान म्हणजे दाबही दहापट कमी देऊन चालेल. नाही चालत. पत्रा त्याच प्रमाणात पातळ केला असेल आणि धातू तोच असेल तर मॉडेलला दाब खऱ्याइतकाच द्यावा लागतो, दर १० मीटरला तो हवेच्या दाबाएवढा वाढतो, आणि आमचं पीव्हीसी तर त्यासाठी काहीच कामाचं नाही. शिवाय पत्रा रोलिंगमधे गोल वळवताना पाईप किंचित अंडाकृती झाला, वेल्डिंगला ताण राहिला, हे मॉडेलमधे दिसत नाही, म्हणून खरी बोट आधी रिकामीच दोरीने खाली सोडायची, जाणार त्याहून खोल. टायटॅनिकचे अवशेष बघायला माणसं नेणाऱ्या टायटन पाणबुडीवाल्यांचं वन-थर्ड स्केलचं कार्बन फायबर मॉडेल २०१६ मधे चेंबरमधे साधारण ३००० मीटरच्या दाबालाच चिरडलं होतं, टायटॅनिक आहे ३८०० मीटर खोल. नंतर त्यांनी बदल केले, एक हल (बोटीचं मुख्य कवच) तडकला म्हणून दुसरा बनवला, तरी १८ जून २०२३ ला पाच माणसं गेलीच.

तेव्हा साहेब, पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा त्या माणसाला एवढं तरी विचारा, मॉडेल किती केली आणि रिकामी बोट किती खोल सोडून बघितली. आमचं तिसरं मॉडेल गुरुवारपासून मागच्या अंगणातल्या पिंपात आहे, शेपटीकडे अजून बोटभर झुकतंय, भाचा म्हणतो ३० ग्रॅम शिसं पुढे सरकवू, मी म्हणतो आधी मागचा पडदा गळतोय का बघ.

– एक वाचक, कोल्हापूर