तराजू आमच्या दारात कधी येणार? केंद्रीय ऊर्जामंत्र्यांना डिचोलीहून खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय मंत्री,
नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय, नवी दिल्ली

माननीय मंत्रिमहोदय,

सा. न. वि. वि.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून हे पत्र लिहिते आहे. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून चार ओळींत म्हणणं मांडून थांबायचं ठरवलं होतं. पण गेल्या शुक्रवारी म्हापशाचा बाजार करून घरी आले आणि मोबाईलवर निरोप वाचला. आमच्या घरावरच्या तीन किलोवॉटच्या सौर पॅनलांचा अर्ज पुन्हा थांबवला आहे. कारण काय, तर वाड्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर जागा नाही. फोन केला तर पाऊस सरल्यावर बघू म्हणाले. पॅनल जानेवारीत बसले. आता सप्टेंबर चालू आहे, चवथ होऊन गेली. त्या पॅनलांनी आजवर एक दिवासुद्धा पेटवलेला नाही.

कचेरीचं नाव लिहीत नाही. उद्या त्याच खिडकीत मला पुन्हा उभं राहायचं आहे.

१३ फेब्रुवारी २०२४ ला ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ जाहीर झाली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये, महिन्याला ३०० युनिटपर्यंत वीज फुकट, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण घरातल्यांना ते मीच पुन्हापुन्हा सांगून राजी केलं. आपल्या मंत्रालयाचे राज्यमंत्री आमच्याच उत्तर गोव्याचे खासदार, त्याचाही मनाला आधार वाटला होता. आपलं माणूस दिल्लीत आहे, काम अडणार नाही, असं मी धाकट्या दिराला म्हटलं होतं.

मी हे का केलं ते सांगते. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांची फुप्फुसं थकली आहेत आणि डॉक्टरांनी रोज सोळा तास ऑक्सिजनच्या मशीनवर राहायला सांगितलं आहे. हे मशीन ३५० वॉटचं आहे. सोळा तासांचे साडेपाच युनिट होतात, महिन्याचे पावणेदोनशेच्या घरात. फ्रीज, पंप, पंखे वेगळे. बिल आलं की सासूबाई मशीन बंद करायला सांगतात. ‘आज बरं वाटतंय, थोडा वेळ राहू दे गं,’ म्हणतात. त्यांना बरं वाटत नसतं. त्यांची नजर बिलाच्या कागदावर असते.

म्हणून बँकेकडून १,८०,००० रुपये घेतले. सात टक्के व्याज, पाच वर्षं, महिन्याला ३,५६४ रुपये. घर कौलारू, त्यामुळे मागच्या स्वयंपाकघराच्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर पॅनल बसवले. फेब्रुवारीपासून आठ हप्ते गेले, म्हणजे २८,५१२ रुपये. फेब्रुवारी ते मे हे चार महिने आमच्याकडे कडक उन्हाचे. किलोवॉटमागे दिवसाला चार युनिट धरले तरी १२० दिवसांचे १,४४० युनिट होतात. ते सगळं ऊन आमच्या काचांवर पडलं आणि वाया गेलं. नेट मीटर, म्हणजे घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, बसेपर्यंत पॅनलांचा मेन स्विच चालू करायचा नाही, अशी ताकीद आहे. जुन्या डिजिटल मीटरांतले काही मीटर बाहेर गेलेली वीजही आपण वापरली म्हणून मोजतात, त्यामुळे चोरून चालू केलं तर बिल उलट वाढायचं. अनुदानही मीटर बसून तपासणी झाल्यावरच मिळतं. कर्जाचा हप्ता मात्र पॅनल बसले त्याच्या पुढच्या महिन्यापासून सुरू झाला.

आधी अडलं ते नावावर. वीजजोडणी माझ्या सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. मंत्रिमहोदय, गोव्यात ही अडचण घरोघरची आहे. इथे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा चालतो, घर सगळ्या वारसांचं सामाईक राहतं. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबा-पणजोबांची नावं असतात. मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं घर असेल तर जमीन भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या नावावर. १९७५ साली मुंडकार कायदा झाला, तरी मामलेदाराकडे खेपा घालणारी माणसं आजही आहेत. आमच्या घरचे एक दीर मुंबईला, एक बहारीनला, एक नणंद पेडण्याला, एक सावंतवाडीला. सगळ्यांचं ना हरकत पत्र आणा, नोटरी करा, मग नाव बदला. मे महिना उजाडला. बहारीनच्या दिरानं वकिलातीत जाऊन सही केली, त्याचा एका दिवसाचा पगार गेला. योजना दिल्लीत लिहिताना गोव्यातल्या घरांची कागदपत्रं कशी असतात हे कुणी विचारलं का? अकरा वर्षं त्या मेलेल्या माणसाच्या नावानं बिल येतंय आणि आम्ही ते भरतोय. बिल घेताना नाव कधी अडलं नाही.

आणि आता ट्रान्सफॉर्मर. मी शिक्षण अर्धवट सोडलेली बाई आहे, पण वाचायला मला येतं. वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम २०२० साली केंद्र सरकारनेच केले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांत दुरुस्ती केली. त्यात लिहिलं आहे की दहा किलोवॉटपर्यंतचा पूर्ण भरलेला अर्ज तांत्रिक पाहणीशिवाय मंजूर समजायचा. पाच किलोवॉटपर्यंत लाईन किंवा ट्रान्सफॉर्मर वाढवावा लागला तर तो वीज पुरवणाऱ्यानं स्वतःच्या खर्चानं वाढवायचा. पॅनल बसल्यावर मीटर लावून यंत्रणा सुरू करायला पूर्वी तीस दिवस होते, ते पंधरा केले. तीन किलोवॉट पाचापेक्षा कमी आहेत ना? हा नियम मी छापून कचेरीत नेला. तिथल्या माणसानं वाचला, घडी घातली, परत दिला आणि म्हणाला, ‘बाई, हे वरचं. आमच्याकडे वरून काही आलेलं नाही.’ मग तुम्हीच सांगा, तुमच्यापेक्षा वर कोण आहे?

दुसरी गोष्ट मला पैसे भरल्यावर कळली. बसवायला आलेल्या एजंटानं सांगितलं होतं की लाईट गेली तरी तुमचं घर चालू राहील. सासूबाईंच्या मशीनसाठी मला तेवढंच हवं होतं. नंतर दुसऱ्या एका वायरमननं समजावलं की बॅटरी नसलेला पॅनलांचा इन्व्हर्टर लाईनमधली वीज गेली की आपोआप बंद पडतो. खांबावर चढलेल्या लाईनमनला आमच्या घरून आलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. ते बरोबरच आहे, त्या माणसाचा जीव जायला नको. पण मग डोक्यावर ऊन तळपत असताना घरात अंधार राहणार, हे विकताना कुणी का सांगत नाही? बॅटरीचा खर्च वेगळा, आणि अनुदान पॅनलांच्या किलोवॉटवर मिळतं, बॅटरीवर नाही. आमच्याकडे जूनपासून माड पडतात, फांद्या तुटतात, सहा-सहा तास वीज नसते. तेव्हा आम्ही ऑक्सिजनचा सिलिंडर लावतो. सासूबाई डोळे मिटून पडून राहतात आणि मी काट्याकडे बघत बसते.

तुम्ही लोक ‘सौर बाजारपेठ’ हा शब्द फार वापरता. बाजार मला थोडाफार कळतो. मी उन्हाळ्यात आमसुलं करते. भिरंडाच्या साली रसात भिजवून पुन्हापुन्हा उन्हात घालायच्या. ऊन पक्कं असेल तरच माल काळाभोर होतो. मग शुक्रवारी म्हापशाला नेते. तिथे तराजू मध्ये असतो, गिऱ्हाईक समोर असतं, काटा दोघांनाही दिसतो. भाव पटला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या बाईकडे जातं. तुमच्या बाजारात मला वीज विकणारा आणि माझी वीज घेणारा एकच. तराजूही त्याचाच, म्हणजे तो मीटर. तो तराजू आणून ठेवत नाही तोवर माझ्या मालाला वजन नाही, वजन नाही म्हणून किंमत नाही, आणि कर्ज तेवढं माझ्या नावावर. पुढच्या बाईकडे जायची सोय नाही. हरित विजेसाठी मुक्त प्रवेश, म्हणजे हव्या त्या विक्रेत्याकडून वीज घ्यायची मोकळीक, म्हणून २०२२ साली नियम आणलेत, त्यात खालची मर्यादा शंभर किलोवॉटची. तो दरवाजा कारखान्यांसाठी. तीन किलोवॉटवाल्या बाईनं कुठे जायचं?

मोठ्या लोकांसाठी हा बाजार किती झटपट उभा राहिला तेही मी बघितलं. २०१० साली राष्ट्रीय सौर मिशन निघालं तेव्हा सौर विजेचा ठरवलेला दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. २०१७ ला राजस्थानात भडल्याच्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला आणि २०२० ला गुजरातेत १ रुपया ९९ पैशांवर. मोठ्या कंपनीला जमीन आखून मिळते, पंचवीस वर्षांचा करार मिळतो, वीज घ्यायला सरकार मध्ये उभं राहतं. म्हणून भाव पडला. भरवसा मिळाला की भाव पडतो, हे तुम्ही स्वतःच सिद्ध करून दाखवलंत. तोच भरवसा छपरावरच्या माणसाला का नाही?

२०१५ साली तुम्ही सांगितलंत, २०२२ पर्यंत एक लाख मेगावॉट, त्यातले चाळीस हजार घरांच्या आणि इमारतींच्या छपरांवर. २०२२ संपलं तेव्हा एकूण त्रेसष्ट हजारांच्या आसपास झाले होते आणि छपरांची चौथाई मजलही गाठली नव्हती. लाखाचा टप्पा २०२५ च्या जानेवारीअखेर ओलांडला, त्याचा मोठा आनंद झाला. मलाही झाला. पण त्या लाखात माझ्यासारख्यांच्या बंद पडलेल्या काचा आहेत का, हे कुणी मोजतं का? आणि जिथे मोठे प्रकल्प आहेत तिथे तरी काय चाललंय? राजस्थानात वीज वाहून न्यायला लाईन पुरत नाही म्हणून भरदुपारी निर्मिती रोखावी लागते. इथे माझ्या पॅनलांपासून मशीनपर्यंत दहा मीटरची वायर पुरते, आणि ती वापरायला परवानगी नाही.

लाईनीचं तर आम्हाला सांगूच नका. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते, कोळशावरची. ती आणखी यावी म्हणून मोलेंच्या रानातून चारशे केव्हीची लाईन न्यायचं ठरलं, सांगोडला झाडं पडली, आणि २०२० साली त्याविरुद्ध पोरं-पोरी रस्त्यावर आली तेव्हा त्यांना विकासाच्या आड येणारे म्हटलं गेलं. रानातून लाईन ओढायला सगळ्या परवानग्या सापडतात. माझ्या वाड्यावर एक मोठा ट्रान्सफॉर्मर चढवायला पाऊस सरावा लागतो. गोव्यात घरगुती वीज बऱ्याच राज्यांपेक्षा स्वस्त आहे, त्यामुळे इथे पॅनलांचे पैसे फिटायला आधीच जास्त वर्षं लागतात. त्यातले आठ महिने असे गेले तर शेजारी कशाला हात घालतील? आमच्या वाड्यावरच्या तिघांनी माझ्याकडे बघून विचार सोडून दिला. त्यांना मी काय तोंड दाखवू?

अनुदान हवं तर देशी सेलचेच पॅनल घ्या, हा तुमचा नियम. ते महाग पडतात. परदेशी पॅनलांवर २०२२ च्या एप्रिलपासून ४० टक्के सीमाशुल्क लागलं. देशात कारखाने उभे राहावेत हे मला पटतं, आमची पोरं तिथे कामाला लागतील. पण त्याची किंमत जर माझ्यासारख्या घरानं मोजली असेल, तर तेवढ्या हक्कानं आम्हाला एक मीटर मिळू नये?

माझ्या नवऱ्याचे दोन ट्रक होते, खाणीवर चालायचे. २०१२ ला खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू होतील म्हणून आम्ही हप्ते भरत राहिलो. सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद झाल्या. एक ट्रक बँकेनं नेला, दुसरा भंगारात गेला. तेव्हाही प्रत्येक निवडणुकीत कुणी ना कुणी येऊन ‘लवकरच’ म्हणून जायचं. त्यानंतर नवऱ्यानं कर्ज काढायचं नाही असं ठरवलं होतं. सरकारी योजना आहे, ह्यात फसवणूक नाही, असं सांगून मी त्यांची सही घेतली. आता हप्त्याच्या दिवशी ते माझ्याशी बोलत नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं.

मला काय हवं ते नीट सांगते, रागात राहून जाईल. पंधरा दिवसांत मीटर लागला नाही तर सोळाव्या दिवसापासून कर्जाचं व्याज वीज पुरवणाऱ्यानं भरावं, तसा नियम करा. मृताच्या नावावरच्या जोडणीला घरात राहणाऱ्या वारसाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं माना. घरात ऑक्सिजनचं मशीन असेल तिथे बॅटरीलाही अनुदान द्या. आणि वीज गेली की पॅनल बंद पडतात, हे अर्जाच्या पहिल्या पानावर मराठीत आणि कोंकणीत ठळक छापा. नियामक आयोगाकडे जा, असं मला सांगू नका. गोव्याचा आयोग केंद्रशासित प्रदेशांबरोबर सामाईक आहे आणि तो बसतो गुरुग्रामला. सासूबाईंना कुणाच्या भरवशावर ठेवून मी तिकडे येऊ?

हे लिहितानाच पावणेबाराला लाईट गेली. बाहेर भाद्रपदातलं ऊन पडलं आहे, चटका बसेल असं. सिलिंडर लावला आहे, त्यात अडीच तासांचा ऑक्सिजन असेल. माझा अर्ज तुमच्या पोर्टलवर आहे, जानेवारीपासून त्याच पायरीवर. उघडून बघा.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक वीजग्राहक
(जोडणी अजून सासऱ्यांच्या नावे)